समरजितचं फडकं

संयोगिता शिर्केचं काम असं होतं, की ते नीट साधलं की तिने तिथून निघून जायचं.

लोकांना हे समजावून सांगताना तिची दरवेळी तारांबळ उडे. "शिक्षिका का?" नाही. "नर्स?" तेही नाही. बडोद्यात कारेलीबागेतल्या एका संस्थेत ती होती. ज्या मुलांची समज वयाच्या मागे राहिलेली असते, अशा वीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींना खऱ्या कारखान्यात, खऱ्या दुकानात काम मिळवून द्यायचं. आणि नुसतं मिळवून देऊन घरी यायचं नाही, तर त्या मुलाच्या शेजारी उभं राहून तेच काम आपणही करायचं. आधी खांद्याला खांदा लावून. मग जरा मागे सरकून. मग दाराशी. मग फाटकाबाहेर, चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर. आणि एके दिवशी मुलाने मान वर करून शोधावं, तर ताई कुठेच नाही आणि तरीही त्याचे हात चालू! एखादं नवखं पोर रंगमंचावर धीट होईपर्यंत कुणीतरी विंगेत उभं राहून त्याचे संवाद ओठांनी म्हणत असतं, आणि ज्या प्रयोगाला ते ओठ मिटलेले राहतात तो पोराचा खरा पहिला प्रयोग. तसंच हे. फक्त इथे टाळ्या पडत नाहीत आणि पडद्यामागच्या माणसाचं नाव कुणी पुकारत नाही.

घरी सासूबाई, इंदिराबाई, तिची थट्टा करीत. शिर्क्यांचे पूर्वज बडोद्याच्या सरकारी फौजेत होते. त्यांची तलवार अजून दिवाणखान्यात भिंतीवर होती.

"या घरातली माणसं घोड्यावरून फिरली," इंदिराबाई म्हणत, "आणि सून लोकांच्या कारखान्यात फडकं मारते."

"मारत नाही हो आई, मारायला शिकवते."

"अगंबाई! ते तर त्याहून वाईट!"

मग दोघी हसत, आणि इंदिराबाईच तिच्या डब्यात दोन भाकऱ्या जास्त टाकत, कारण "तुझं ते एखादं पोर उपाशी असेल."

समरजित तिच्याकडे आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. उंच, रुंद खांद्यांचा, नीट भांग पाडलेला. पाठमोरा पाहिला तर फौजेत भरतीला निघालाय असं वाटावं. बरोबर वडील होते, जयवंतराव. छाणीतल्या एका लेथच्या वर्कशॉपमधे उभा जन्म काढून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलाला कुठे कुठे नेलं, कोण कोण काय म्हणालं, हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, याला काय येतं ते मला विचारू नका. याला काय खुपतं ते विचारा."

"काय खुपतं?"

"डाग. कसलाही. भिंतीवर, ताटावर, दुसऱ्याच्या शर्टावर. एका लग्नात नवरदेवाच्या बाहीवरची हळद पुसायला गेला. मार खाता खाता वाचलो आम्ही."

संयोगिता त्या दिवशी घरी गेली ती जवळजवळ गाणं गुणगुणत. ज्याला आजवर सगळ्यांनी खोड म्हटलं, तेच तर या मुलाचं काम होतं! तिने संस्थेतल्या टेबलावर त्याला तयार करायला घेतलं. टेबलावर ती खडूच्या रेघा मारी, तेलाचा थेंब सांडी, चिकटपट्टीचा तुकडा लावी. समरजित फडकं घेऊन सगळं शोधून काढी. शेवटी शेवटी तर ती आपल्या कपाळावरची टिकली काढून टेबलाच्या खालच्या कडेला चिकटवायची, सहजी दिसू नये अशी. तो वाकून, मान तिरपी करून ती शोधायचा, नखाने उचलायचा, डब्यात टाकायचा आणि दोन्ही तळवे तिला दाखवत गर्जायचा, "चकाचक!"

"शाब्बास. काम सुरू करायच्या आधी काय करायचं, समर?"

"लागलेलं काढायचं. सगळं."

"सगळं म्हणजे?"

"स-ग-ळं."

मकरपुऱ्यात किरीटभाईंचा पत्र्याच्या क्लिपा काढायचा कारखाना होता. लहानच, एका रांगेत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस, पलीकडे पॅकिंगचं टेबल. किरीटभाई मराठी मुलांबरोबर शाळेत शिकलेले, त्यामुळे मराठी बोलायचे, पण आपल्या चालीवर. "बेन, ट्राय करू. सहा महिने. जमलं तर पक्का करू, कार्ड देऊ. नाही जमलं तर मनाला नाय लावायचं."

सहा महिने. त्या कार्डावर समरजितचं नाव छापून येणार होतं आणि रोज सकाळी तो ते यंत्रात घालून हजेरी लावणार होता. जयवंतरावांना दुसरं काही नको होतं. पगार किती, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

छाणी जकातनाक्यावरून तीन-चार कारखान्यांनी मिळून लावलेली बस सुटे. पहिले काही दिवस संयोगिता त्याच्या शेजारी बसली, मग मागच्या बाकावर, मग बसमागून स्कूटरवर. कारखान्यात ती त्याच्याबरोबर रोज सकाळी मशीन पुसायची, नंतर क्लिपा निवडायची; चांगल्या निळ्या ट्रेमधे, वाकड्या लाल ट्रेमधे. तिथले सुपरवायझर पिलाजीराव, साठीला टेकलेले, जरा कडक. पहिल्या आठवड्यात म्हणाले, "ताई, हा काय काम करणार? हा तर मशीनला आंघोळ घालतोय." तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "ताई, याला पाहून बाकीच्यांनी निदान हात धुवायला शिकावं." कारीगरांनी त्याचं नावच चकाचक ठेवलं. "एय चकाचक, चा पिवी छे?" आणि समरजित कपभर चहा ऐटीत घेऊन, तोंड लागलेली जागा पुसून, कप परत करी.

एकाच माणसाशी त्याचं रोज वाजे. अभिजित, तिशीतला, मोठ्या प्रेसवर होता. त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात आत राहायची भीतीच नको. पण त्याने काम हळू होतं. म्हणून अभिजित एक बटण दाबून त्यावर काळी चिकटपट्टी मारून ठेवी आणि एकाच हाताने भराभर माल काढी. सगळीकडेच करतात. समरजित रोज सकाळी ती पट्टी उकलून काढी आणि डब्यात टाकी.

"अरे बाबा, ते राहू दे ना!"

"लागलंय."

"मी लावलंय ते!"

"लागलंय," समरजित शांतपणे सांगे. "चकाचक!"

पिलाजीराव मिशीत हसत. काही आठवड्यांनी अभिजित कंटाळला आणि दोन हातांनी काम करू लागला. या गमतीचा संयोगिताने कधी फारसा विचार केला नाही. ती तोवर मागे सरकत सरकत फाटकाबाहेरच्या लारीपर्यंत पोचली होती.

दसरा आला. सहा महिने भरत आलेच होते. किरीटभाई म्हणाले, "दसऱ्याला मशीनची पूजा. काम नाही, नुसती पूजा अने प्रसाद. त्याच दिवशी समरला कार्ड देऊ. माझ्या बाच्या, आईच्या हाताने."

संयोगिताने जायचं ठरवलं होतं. पण त्याच सकाळी शिर्क्यांच्या घरीही पूजा. इंदिराबाईंचं गुडघ्याचं दुखणं वाढलेलं, म्हणाल्या, "यंदा तलवार तूच उतरव." संयोगिताला वाटलं, काम तर नाहीच आज, पोरगं जाईल, हात जोडेल, पेढा खाईल, कार्ड घेईल. तिने मनाशी म्हटलं, आता माझी गरज नाही. आणि ते तिला छान वाटलं.

ती तलवारीच्या पात्याला कुंकू लावत असताना फोन वाजला. पिलाजीराव होते. आवाज दबलेला.

"ताई, या तुम्ही. लगेच."

झालं होतं ते असं. कारीगरांनी भल्या सकाळी येऊन सगळ्या मशीनांवर कुंकवाने साथियो, म्हणजे स्वस्तिक, काढला, चांदल्याचा लाल टिळा लावला, नाडाछडीचा दोरा बांधला, झेंडूच्या माळा घातल्या, पुढे नारळ ठेवले. मग शेटजी येईपर्यंत सगळे कोपऱ्यावर फाफडा-जिलेबी खायला गेले; बडोद्यात दसऱ्याला दुसरं काय करतात! तेवढ्यात जयवंतरावांनी इस्त्रीच्या कपड्यातल्या समरजितला फाटकाशी सोडलं. तो आत गेला. आत कुणी नव्हतं. मशीनं होती, आणि प्रत्येक मशीनला काही ना काही लागलेलं होतं.

त्याने फडकं घेतलं. ताई नव्हती, तरी त्याचे हात थांबले नाहीत. त्याच्या आयुष्यातला तो खरा पहिला प्रयोग होता.

किरीटभाईंच्या बा पूजेचं ताट घेऊन, मागे सगळा गोतावळा घेऊन आत आल्या, तेव्हा सगळी मशीनं आरशासारखी लखलखत होती. माळा आणि नाडाछडी कचऱ्याच्या डब्यात. नारळ, त्यातला एकही चांगली क्लिप नव्हे म्हणून, वाकड्या क्लिपांच्या लाल ट्रेमधे ओळीने मांडलेले. देवीच्या तसबिरीच्या काचेवरचा चांदलाही गेलेला. समरजित मधोमध उभा होता. त्याने सगळ्यांना तळवे दाखवले आणि एवढ्या लोकांना पाहून नेहमीपेक्षा मोठ्याने गर्जला, "चकाचक!"

संयोगिता पोचली तेव्हा पूजा पुन्हा मांडून झालेली होती. बा काही वाईट नव्हत्या. "रहेवा दे, भोळो छोकरो छे," एवढंच म्हणाल्या होत्या. पण कारीगर पाठ फिरवून उभे होते. समरजित पॅकिंगच्या टेबलाखाली बसला होता, फडकं छातीशी धरून. त्याच्या गालावर कुणाची तरी बोटं उमटली होती. कुणाची, ते कुणी सांगितलं नाही.

ती टेबलाखाली वाकली. तिला आठवली ती टिकली. टेबलाच्या कडेखाली मीच लावली, मीच शोधायला लावली, आणि शोधली की मीच शाब्बास म्हटलं. लाल ठिपका दिसला की काढायचा, हे याला शिकवलं कुणी?

पण ते सगळं नंतर. आत्ता कार्ड वाचवायचं होतं. किरीटभाई मागे उभे होते, ऐकत होते. तिने समरजितचे दोन्ही हात धरले.

"समर, इकडे बघ. लागलेलं काढायचं नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तेल पुसायचं. धूळ पुसायची. पण लागलेलं, चिकटवलेलं, बांधलेलं, काहीच काढायचं नाही. कळलं?"

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

अशा मुलाला नियम घाईत द्यायचा नसतो. तो मनात खिळ्यासारखा बसतो, आणि मग उपटताना लाकूडही फाटतं. हे तिने स्वतः किती नव्या मुलींना शिकवलं होतं! पण त्या क्षणी तिला घाई होती.

कार्ड त्या दिवशी मिळालं नाही. "दिवाळीनंतर," किरीटभाई म्हणाले. "जरा शांत होऊ दे ने."

दिवाळी काही फार लांब नव्हती. पण तिच्या आधीच एका दुपारी अभिजितचा डावा हात प्रेसखाली आला. दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी संयोगिता कारखान्यात गेली, तेव्हा मोठी प्रेस बंद होती. तिला पाहून दोघे-तिघे उठून बाहेर गेले. एकजण जाता जाता, तिला ऐकू जाईल असं बोलला, "देवीनो चांदलो भूंसी नाख्यो, पछी शुं थाय?" देवीचा चांदला पुसल्यावर दुसरं काय होणार!

समरजितने मात्र तिला पाहून धावत येऊन हात धरला. तिला ओढत तो मोठ्या प्रेसपाशी घेऊन गेला. त्याला काहीतरी दाखवायचं होतं. चेहरा अभिमानाने फुललेला.

"ताई, बघ. लागलंय."

बटणावर काळी चिकटपट्टी होती. कडा मळून काळ्या-करड्या झालेल्या. बऱ्याच दिवसांची, दसऱ्यानंतर अभिजितने पुन्हा लावलेली असावी.

"मी नाही काढलं," समरजित म्हणाला. "काल नाही. परवा नाही. लागलेलं काढायचं नाही. समर शहाणा."

संयोगिताने पट्टीच्या मळक्या कडेवरून बोट फिरवलं.

मागून पिलाजीराव आले. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ती समजून चुकलीय हे त्यांना समजलं. इकडे-तिकडे पाहून त्यांनी पुढे होऊन पट्टी नखाने उकलायला घेतली.

"साहेब, नाही!" समरजित ओरडला. "लागलेलं काढायचं नाही! ताई, सांग ना यांना!"

तरी पिलाजीरावांनी पट्टी काढली, गोळा करून खिशात टाकली.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "दुपारी भरपाईची माणसं येणार आहेत. पट्टी दिसली तर म्हणतील, अभिजितनेच सुरक्षा काढली, याला काही देणं लागत नाही. कंत्राटावरचा पोरगा आहे तो. घरी लहान मुलगी. उरलेल्या हाताने काय करणार?"

"आणि समर?"

पिलाजीराव बटणावर राहिलेला चिकटा अंगठ्याने पुसू लागले.

"सगळे म्हणतायत याच्यामुळे झालं," संयोगिता म्हणाली. "पिलाजीराव, याच्यामुळे सहा महिने झालं नव्हतं! हा रोज ती पट्टी काढत होता म्हणून!"

"मला माहीत आहे."

"मग बोला ना तुम्ही!"

"तुम्ही बोलाल?" पिलाजीरावांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

किरीटभाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, पण स्वतः प्यायले नाहीत. "बेन, मी हे मानत नाही. आईशप्पथ. पण कारीगर मानतात. म्हणतात, त्याला ठेवाल तर आम्ही मशीनला हात लावणार नाही. मी काय करू, सांगा ने."

दाराशी पिलाजीराव उभे होते, एक हात खिशात. संयोगिताच्या जिभेवर वाक्य तयार होतं. एकच वाक्य. ते उच्चारलं की या मुलाच्या कपाळावरचा कलंक जात होता. आणि तिकडे इस्पितळात, हाताला पांढरं गाठोडं बांधून पडलेल्या माणसाचं उरलंसुरलंही जात होतं. ती त्या माणसाच्या मुलीला कधी भेटली नव्हती. भेटली असती तर बरं झालं असतं की वाईट, कोण जाणे.

तिने चहा पिऊन टाकला. "बरं," ती म्हणाली.

छाणीच्या दोन खोल्यांत जयवंतराव इस्त्री करत होते. तिच्या हातातली समरजितची पिशवी पाहूनच त्यांनी इस्त्री उभी केली.

"काही तोडलं का त्याने?"

"नाही."

"कुणाला मारलं?"

"छे छे!"

"मग?"

"माणसं कमी करतायत," संयोगिता म्हणाली. एवढी वर्षं या कामात काढली, पण आईबापांपाशी ती याआधी कधी खोटं बोलली नव्हती.

"कमी करताना पहिला कोण जातो, ते मलाही माहीत आहे, बाई," जयवंतराव म्हणाले, आणि अर्धवट राहिलेल्या शर्टाची दुसरी बाहीसुद्धा त्यांनी इस्त्री करून टाकली.

सकाळ झाली की समरजित जकातनाक्यावर जाऊन उभा राही. वडील मागोमाग जात. बसवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो गाडी थांबवी, दार उघडे. समरजित वडिलांकडे पाही. जयवंतराव मान हलवून नको म्हणत. दार बंद होई. शेवटी एकदा कुणीतरी सांगितलं असावं, बस थांबेनाशी झाली. ते जास्त वाईट होतं, कारण आता समरजित तिच्यामागे धावू लागला.

फेब्रुवारीत संयोगिताला छाणीतच एक जागा मिळाली. भक्तीबेनचं खाखरे करण्याचं घरगुती काम होतं. चार बायका लाटायच्या, भाजायच्या, एकीने पॅकिंग करायचं. टेबलावरचं पीठ पुसायला आणि पाकिटं लावायला माणूस हवा होता. तिथे मशीनं नव्हती आणि भक्तीबेन मनाने मऊ होती.

पहिल्या दिवशी संयोगिताने त्याच्या हातात नवं फडकं दिलं. टेबलावर पिठाचा थर होता. समरजित पाहत राहिला.

"ताई, पुसू?"

"पूस."

त्याने वीतभर जागा पुसली. थांबला.

"हे पुसू?"

"हो, पूस."

"आणि हे?"

भक्तीबेन आतून हसली, "अरे, विचारतोस काय! पूस ने बधुं, सगळं." समरजितने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो ताईच्या तोंडाकडे बघत होता. प्रत्येक डागाला, प्रत्येक पाकिटाला, प्रत्येक चिमूटभर पिठाला. पुसू? ठेवू? घेऊ? संयोगिता जरा मागे सरकली की फडकं जागच्या जागी थांबे आणि ती पुढे आली की चालू होई. पूर्वी काही आठवड्यांत ती फाटकाबाहेर गेली होती. इथे महिना झाला तरी तिला टेबल सोडता येईना. संस्थेत आणखी सहा मुलं तिची वाट पाहत होती.

एका दुपारी भक्तीबेन तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? तुम्ही रोज येणार? नाही म्हणजे... छोकरो सारो छे. पण आम्हाला माणूस एकच पाहिजे होता."

"मला आठवडाभर द्या," संयोगिता म्हणाली.

बायका जेवायला बसल्या होत्या. तिने कपाळावरची टिकली काढली आणि टेबलाच्या कडेखाली, पूर्वीसारख्याच जागी, चिकटवली. मग हाक मारली. "समर, काम सुरू करायच्या आधी काय करायचं?"

तो आला. वाकला. मान तिरपी केली, अगदी तशीच. टिकली त्याला दिसली, हे तिला स्पष्ट कळलं, कारण त्याच्या उजव्या हाताचं बोट आपोआप पुढे झालं.

बोट थांबलं. मग समरजितने तो हात आणि त्याच्याबरोबर दुसराही, पाठीमागे नेला आणि एकमेकांत घट्ट अडकवला.

"लागलेलं काढायचं नाही," तो म्हणाला. आवाज तिचाच होता. दसऱ्याच्या दिवशीचा, घाईतला.

"समर, ही टिकली आहे. ही काढायची. मी सांगते ना?"

"काहीच नाही," तो म्हणाला, आणि घाबरून तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागला, आपलं उत्तर बरोबर आलं का ते पाहायला.

संयोगिताने टिकली स्वतःच काढली. कपाळाला लावली, ती नीट लागली नाही. आतून बायकांचं बोलणं, ताटांचे आवाज येत होते. टेबलावर अजून पीठ होतं. ती फडकं घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून.

"ताई," समरजितने विचारलं, "पुसू?"